जुंपून पाहिलेली लेन्स

लेन्स घ्यायची म्हटलं की आमच्या ग्रुपातल्या माणसांच्या अंगात येतं. एक सांगतो झूमच घ्या, दुसरा सांगतो झूम घेतली तर मला तोंड दाखवू नका, अन् तिसऱ्यानं स्वतः काहीच घेतलेलं नसतं पण व्हिडिओ सगळे पाहिलेले असतात. मी हर्षा, अकोल्यात जठारपेठेत गणिताच्या शिकवण्या घेते. रविवारी सकाळी ही टोळी घेऊन, गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडते, म्हणून हे सगळं भांडण माझ्याच डोक्यावर. माझं डोकं लवकर तापतं हे गावाला माहीत आहे, तरी विचारायला माझ्याकडेच येतात बाप्पा.

पण केशवराव लेन्स घ्यायला निघाले तेव्हा मात्र सगळ्यात जास्त मीच नाचून राहिली होती.

केशवरावांचं बाळापूर रस्त्याला झेंडू-शेवंतीचं वावर आहे. भल्या सकाळी फुलांचा तोडा, मग बाजार, मग पुन्हा वावर, असा सरळमार्गी माणूस. त्यांच्या लेकीनं, रागिणीनं, आपला जुना कॅमेरा त्यांच्या हातात दिला अन् माणूस कामातून गेला. विहिरीवरचा खंड्या काढला, शेवंतीवरची मधमाशी काढली. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक सरडा राहतो, त्याचे तर इतके फोटो काढले की केशवराव दिसले की तो आता आपोआप मान वर करतो. ग्रुपवर सकाळी सकाळी त्यांचा फोटो आला नाही तर मला चहा गोड लागत नाही, खरं सांगते.

सगळ्या जगाचे फोटो होते, फक्त बायकोचा नव्हता. वच्छलावहिनींचे फोटोत डोळे मिटतात. लग्नाच्या अल्बमात मिटलेले, रागिणीच्या लग्नात मिटलेले, आधार कार्डावर फोटो काढणाऱ्यानं हात टेकले तेव्हा कसेबसे अर्धे उघडे. कॅमेऱ्याचा आवाज बंद केला तरी तेच. समोरच्यानं मोबाईल जरा उभा धरला की यांच्या पापण्या पडल्याच म्हणून समजा. तशा बोलायला खमक्या, बाजारात चार व्यापाऱ्यांना पुरून उरतात, पण कॅमेऱ्यापुढे गाय.

रागिणीनं पुण्यात नवं घर घेतलं. दिवाणखान्यातली मोठी भिंत तिनं आईच्या फोटोसाठी मोकळी ठेवली अन् बापाला फोनवर बजावलं, की सरडा पाठवू नका, आई पाठवा, अन् डोळे उघडे असलेली पाठवा. केशवरावांच्या मनाला ते फार लागलं. मला म्हणाले, इतकी वर्षं संसार केला अन् घरच्या माणसाचा एक धड फोटो नाही, लाज वाटते हो हर्षाताई.

मग त्यांनीच उपाय काढला. बगळ्याच्या जवळ गेलं की तो उडतो, दुरून काढला तर आपल्या नादात उभा असतो. वहिनींनाही दुरून काढायचं, त्यांना कळूच द्यायचं नाही. म्हणजे लांब पल्ल्याची मोठी लेन्स पाहिजे. आता बोला! ग्रुपात नुसता कल्ला झाला. बायकोच्या फोटोसाठी पक्ष्यांची लेन्स घेणारा माणूस आमच्यात पहिलाच.

जठारपेठेत शुभम नावाचा पोरगा वापरलेले कॅमेरे अन् लेन्सा विकतो. आम्ही दोघं गेलो. त्यानं कपाटातून एक हातभर लांब लेन्स काढली, अन् मी तर ती पाहूनच वेडी झाले. केशवरावांनी ती दोन्ही हातांनी उचलली, वजन पाहिलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, काचेत डोकावले. नुसते दात मोजायचे राहिले होते. मग शांतपणे म्हणाले,

"बैल जुंपून पाह्यल्याबिगर कोणी घेते का? वावरात नेऊन पाह्यतो. चालली तं ठेवतो, नाई तं वापस."

शुभमला घाम फुटला. पण माणूस खरा आहे अन् जामीन मी आहे, असं म्हटल्यावर त्यानं रविवारपर्यंत दिली. वर मला ठणकावून सांगितलं, की ताई, काचेला बोट लागलं तर पैसे मी तुमच्याकडून घेईन. मी म्हटलं, लागू देते का मी!

आता खरी मजा. केशवराव सकाळी गावात काम आहे म्हणून निघायचे अन् वळसा घालून शेजारच्या डोमाजींच्या तुरीत शिरून बसायचे. तिथून लेन्स लावायची वहिनींवर. पहिल्या दिवशी नुसती पाठ आली. दुसऱ्या दिवशी पदर अन् टोपलं. मग चेहरा आला, स्वच्छ आला, नाकातली चमकी मोजून घ्यावी असा, पण वहिनी फुलं तोडत होत्या. खाली पाहणाऱ्या माणसाच्या पापण्याच दिसतात ना हो! रोज रात्री मला फोटो यायचे अन् मी फोनवर ओरडायची, की भाऊ, वर पाहायला लावा तिला, एखादी हाक मारा. ते म्हणायचे, हाक मारली तर लपून कशाला बसलो?

शनिवारी डोमाजींनी घात केला. त्यांना आपल्या तुरीत काहीतरी लांब काळं हललेलं दिसलं. त्यांना वाटलं, डुकरं मारायला कोणी बंदूक घेऊन बसलं आहे. त्यांनी काठी घेऊन असा गिल्ला केला की आजूबाजूची सगळी वावरं धावून आली. तुरीतून निघाले कोण, तर केशवराव, अंगाला पानं चिकटलेली अन् छातीशी लेन्स धरलेली. शिकारी नाही, नवीन यंत्र आहे, एवढं सांगून ते सुटले. ही बातमी वहिनींपर्यंत पोचली ती अशी, की तुमच्या मालकानं मोठी तोफ विकत घेतली.

रविवारी मी लेन्स न्यायला गेले. अंगणात कॅमेरा तिपाईवर उभा होता, पुढे ती लेन्स, अन् केशवराव तोंड पाडून बाजेवर बसलेले. तेवढ्यात घरातून वहिनी आल्या. हातात ताट, ताटात दिवा, हळद, ओलं कुंकू, नारळ. नवीन वस्तू घरात आली अन् पूजा नाही म्हणजे काय? मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी झेंडूचा हार लेन्सला घातला, बोट कुंकवात बुडवलं अन् बैलाच्या कपाळाला लावतात तसं काचेच्या बरोब्बर मधोमध टेकवलं.

मी जी किंचाळले ती रस्त्यापर्यंत ऐकू गेली असेल. रागाच्या भरात काय काय बोलले, देवाला माहीत. ही लेन्स आपली नाही, पाहायला आणली आहे, जामीन मी आहे, आता शुभम माझी चामडी सोलेल, सगळं एका दमात. वहिनी ताट धरून तशाच उभ्या. मग एकदा लेन्सकडे, एकदा नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या,

"कुंकू लागलेला बैल कोणी वापस करते का? ठेवा आता. पण मले हे सांगा, तुरीत लपून कोणाचा फोटो काढून राहिले होते?"

केशवराव लेन्सवरचा हार सारखा करू लागले. मीच सांगितलं. रागिणीची भिंत सांगितली, आठवडाभराच्या पाठी अन् पदर सांगितले. वहिनींनी ताट खाली ठेवलं. मला वाटलं, आता हसतील नाहीतर चिडतील. त्या सरळ त्यांच्याकडे वळल्या.

"तुमी त्या डब्याच्या मांगं तोंड घालता. मंग मी पाहू कोणाकडे? काचेकडे? मले भेव लागते, म्हून मिटतेत डोये."

केशवराव उठून उभे राहिले. एवढी साधी गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती, अन् त्यांनी विचारलीही नव्हती. मी मात्र आता थांबणार होते का! इतक्या जवळून त्या मोठ्या लेन्सचा काही उपयोग नव्हता, म्हणून तिपाईवर माझा लहानसा कॅमेरा चढवला. केशवरावांना कॅमेऱ्याच्या बाजूला उभं केलं अन् दटावलं, की काही धरू नका, काही करू नका, नुसते उभे राहा. त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळेना. सदऱ्याला तुरीचं पान चिकटलेलं होतं, ते काढायचा प्रयत्न करत होते, अन् ते काही सापडत नव्हतं. वहिनी त्यांच्याकडे पाहत होत्या. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पापणी हलली नाही.

फोटो पाहिला अन् मी शिकवणीतल्या पोरांसारख्या उड्या मारल्या. डोळे उघडे! टक्क उघडे, अन् त्यात असं काही हसू की मला भरून आलं. मी कॅमेरा केशवरावांच्या हातात दिला. त्यांनी पाहिलं, मान हलवली अन् म्हणाले, हो, बरा आला, रोजच्यासारखीच आली.

मला असा राग आला म्हणता. मी म्हटलं, भाऊ, रोजच्यासारखी? इतकी वर्षं मी वहिनीला पाहते, यांच्या हातचं जेवते, यांच्याशी भांडते, पण हे तोंड मी आज पहिल्यांदा पाहिलं. आम्हाला कोणाला नाही दिसत ते. फक्त तुमच्याकडे पाहताना असं होतं.

वहिनी ताट उचलून घरात गेल्या होत्या. केशवराव बाजेवर बसले, पुन्हा एकदा फोटोत पाहिलं.

"मले तं वाटे," ते हळूच म्हणाले, "तिचं तोंडच असं हाय."