तात्यांची सतरंजी

धारहून आलेल्या माणसानं तात्या गेल्याचं सांगितलं आणि मी होतो तसाच वाचनालयात गेलो. देवासचं हे वाचनालय तात्यांनीच उभं केलेलं. बातमी आधी तिथं पोचायला हवी होती. रावसाहेब नेहमीसारखे लोडाला टेकलेले. "अरेरे! फार वाईट झालं," म्हणाले, आणि म्हणता म्हणता पानाचा डबा ओढला. "मोठी शोकसभा घेऊ. अध्यक्ष मी आहेच." ... आहेच! महिना-दीड महिना झाला, पण त्या 'आहेच'ची शिसारी अजून गेलेली नाही.

तात्या शाळेत गणित शिकवायचे. मी त्यांचा विद्यार्थी आणि पुढे शेजारी. त्यांना वेड एकाच गोष्टीचं. जुन्या ग्रीक नगरांपासून विलायत-अमेरिकेपर्यंत, जिथं म्हणून लोकांनी आपला कारभारी आपण निवडला, तिथलं हाती लागेल ते वाचायचं आणि ओट्यावर बसून विचारायचं, "गणू, कायदे सारखेच असतात रे. मग एक राज्य टिकतं आणि दुसरं कुजतं, ते का?" आमच्या गावाला राजेच दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती, रस्त्याच्या अलीकडे एक सरकार, पलीकडे दुसरं. अशा गावात निवडणूक कुणी पाहिली होती? तात्यांनी ती वाचनालयात आणली. दर दसऱ्याला अध्यक्ष निवडायचा. पडद्याआड दोन तांबे ठेवलेले. ज्यानं त्यानं आपला चिंचोका हवा त्यात टाकायचा, कुणी कुठं टाकला ते विचारायचं नाही. आणि पायउतार होणाऱ्या अध्यक्षानं बैठकीची सतरंजी अंगणात नेऊन स्वतः झटकायची, नव्या माणसासाठी स्वतः अंथरायची आणि आपण दाराशी, जोड्यांजवळ बसायचं. सतरंजी काकूंच्या, म्हणजे तात्यांच्या बायकोच्या, माहेरची. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची. दोन्ही पात्यांची माणसं तिच्यावर मांडीला मांडी लावून बसत.

रावसाहेब एका सरदारांचे जावई. ते निवडून आले त्या दसऱ्याला तात्याच हरले होते. त्यांनी सतरंजी झटकली, अंथरली, कोपरे ताणून नीट केले आणि दाराशी जाऊन बसले. तोंड कडू केलं नाही की कुणाला टोमणा मारला नाही.

पुढं जे झालं ते तलवारीनं झालं असतं, तर सांगायला लाज तरी वाटली नसती. झालं ते सगळं गोडीगुलाबीनं. आधी लोड आला, कारण रावसाहेबांची पाठ दुखत होती. मग चिंचोके गेले. "आपण सगळी घरची माणसं, लपवाछपवी कशाला? हात वर करा की!" आता समोर ते बसलेले; हात वर न करण्याची छाती कुणाची? भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. मग प्लेग आला, तेव्हा निवडणूक "यंदा राहू द्या" झाली. प्लेग गेला, रावसाहेब राहिले. तात्या एकटे उभे राहून बोलले, तर सगळे आढ्याकडे बघत बसले. आणि तीच माणसं दिवेलागणीला ओट्यावर हजर! "तुमचं अगदी बरोबर हो तात्या, पण तोंडावर कसं बोलायचं?" थू! यांच्यापेक्षा रावसाहेब परवडले. वाचनालयाचा शिपाई कन्हैया तेवढा उघड म्हणाला, "भिया, ई तो अब नी उठे." हे काही आता उठायचे नाहीत!

शेवटी तात्या मुलाकडे धारला निघाले. सामान बांधताना काकूंनी सतरंजीची आठवण काढली, तर म्हणतात, "असू दे तिथंच. कधीतरी उठतील ते. तेव्हा झटकून अंथरायला लागेल." काय म्हणावं या आशेला! मला रडावं की चिडावं कळेना.

धारला त्यांनी वाचनालय काढून पुन्हा तोच डाव मांडला, अगदी तेच नियम... आणि तो चालला! माणसं आमच्यासारखीच, तितकीच भिडस्त, तितकीच हेवेदावे करणारी. शेवटच्या भेटीत मी विचारलं, असं कसं? तात्या खोकत खोकत हसले. "इथंही पहिल्याच वर्षी एकानं लोड आणला. तर एक म्हातारबुवा सगळ्यांदेखत म्हणाले, लोड घरी ठेवा. बस्स. लोड गेला की पुढचं सगळं टळतं रे. कुणीतरी वेळेवर म्हणावं लागतं..." पुन्हा खोकल्याची उबळ आली, ती ओसरल्यावर म्हणाले, "देवासला मी म्हणालो नाही. मला वाटलं, पाठच तर दुखतेय त्यांची."

शोकसभेला मी गेलो. रावसाहेब लोडावरून बोलले, "तात्या आमचे गुरू," आणि उपरण्यानं डोळे टिपले. दुखवट्याचा ठराव उभं राहून संमत करायचा, म्हणून सगळे उठले. रावसाहेबही उठले. तात्यांची आशा खरी झाली, पण त्यासाठी त्यांना मरावं लागलं. मी पुढं झालो, लोड बाजूला सारला आणि सतरंजी गुंडाळायला लागलो.

"अरे, हे काय चाललंय?" रावसाहेब ओरडले.

"काकूंच्या माहेरची आहे. न्यायला आलोय."

एकेक पाय बाजूला झाला. कुणी चकार शब्द काढला नाही. काढतील कशाला? कुणीही काहीही करो, यांनी गप्पच बसायचं!

दसऱ्याला सतरंजी घेऊन धारला गेलो. तिथला अध्यक्ष, एक तरुण वकील, नुकताच हरला होता. त्यानं ती अंगणात दोरीवर टाकली आणि काठीनं बडवायला लागला. धुरळा असा उठला की सगळे मागं सरले.

"केवढी धूळ हो ही!"

"देवासची आहे," मी म्हटलं.

काकू ओसरीवर बसल्या होत्या. "मग आणखी चार रट्टे दे रे बाबा," त्या म्हणाल्या.

त्यानं दिले. मग आत नेऊन सतरंजी अंथरली, कोपरे ताणून नीट केले, ज्यानं त्याला हरवलं त्याला हाताला धरून बसवलं, आणि आपण दाराशी, जोड्यांजवळ, तात्या बसायचे तिथं जाऊन बसला.