फखरुन्निसाच्या घरातली चिनी पोरगी

फखरुन्निसाला संशय यायला कारण लागत नसे. संशय आधी यायचा, कारण ती मागाहून शोधून काढायची. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने हसून दूध दिलं तर ते कालचं, आणि न हसता दिलं तर परवाचं. नवरा कमाल वेळेवर घरी आला तर नोकरीवर काहीतरी बिनसलंय, उशिरा आला तर मग विचारायलाच नको. मूळची म्हसळ्याकडची, लग्न होऊन कुवेतला आली त्याला वीसेक वर्षं झाली, आणि तेव्हापासून मिरकाबातल्या त्याच जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिचा मुक्काम. एवढ्या वर्षांत तिच्या अंगावर चढले नसतील तेवढे दागिने तिच्या दारावर चढले होते. कडी झाली, बोल्ट झाला, साखळी झाली, आणि बाहेर कोण आहे ते बघायला एक भिंगही बसवून झालं.

आता तिची बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई वेडीच होती. तिचा चुलतभाऊ नौमान कुवेतच्याच जलीब भागात एका खोलीत पाच-सहा जणांबरोबर राहायचा. एकदा सकाळी दारावर दोन माणसं आली आणि गोड आवाजात विचारलं, इथे कोण कोण राहतं? नौमान पडला सरळ स्वभावाचा. त्याने सगळ्यांची नावं सांगितली, स्वतःचंही सांगितलं. त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, भलत्याच मालकाच्या नावावर निघाला, आणि थोड्याच दिवसांत नौमान म्हसळ्यात वडिलांच्या ओसरीवर बसलेला. तेव्हापासून फखरुन्निसाने कानाला खडा लावला. दारावर अनोळखी माणूस आला, की इथे कुणी राहत नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकसुद्धा फुंकून प्यावं लागतं, असं ती कमालला ऐकवायची. कमाल म्हणायचा, तू तर पाणीही फुंकून पितेस.

असल्या बाईने घरात परकी पोरगी ठेवावी हे नवलच, पण झालं खरं. मुलगी निदा शिकायला पुण्याला गेली, तिची खोली रिकामी पडली आणि पुण्याचा खर्च सुरू झाला. घरमालकाने घर देतानाच बजावलं होतं की पोटभाडेकरू चालणार नाही. तरीही एका संध्याकाळी रबिया एका चिनी पोरीला घेऊन दारात उभी राहिली. रबिया रत्नागिरीची, टेनिस क्लबात काउंटरवर बसायची. पोरगी एकोणीस वर्षांची, काडीसारखी, पाठीवर तिच्याहून रुंद पिशवी. छोट्या छोट्या स्पर्धा खेळायला आली होती आणि हॉटेल परवडत नव्हतं. नाव रुईशी. फखरुन्निसाच्या तोंडी दुसऱ्याच दिवशी तिची रूही झाली. हारिसला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, ही निदाची मैत्रीण आहे असं सांगायचं ठरलं. निदाची मैत्रीण चिनी कशी, याचा विचार नवरा-बायको दोघांपैकी कुणीच केला नाही.

आणि मग सुरू झाला फखरुन्निसाचा तपास. ही पोरगी मटण खाईना, कोंबडी खाईना. सुरमईचं कालवण समोर ठेवलं तर हसून मान हलवायची आणि आपल्या छोट्या कुकरात भात-अंडी शिजवून खायची. पाण्याची बाटली टेबलावर ठेवून घटकाभर आत गेली, तर परत येऊन ती भरलेली बाटली मोरीत ओतून द्यायची. सर्दी झाली तेव्हा फखरुन्निसाने मायेने आल्याचा काढा केला. पोरीने त्यात काय काय घातलंय ते एकेक करून विचारलं, पुन्हा विचारलं, आणि शेवटी नाहीच प्यायली. फखरुन्निसाचं डोकं फिरलं. आमच्या घरचं पाणी हिला विष वाटतं काय? आणि रोज फोनमध्ये काहीतरी भरत बसते, ते कुणाला कळवते? चीनच्या सरकारला? कमाल म्हणाला, चीनच्या सरकारला तुझ्या मोरीशी काय करायचंय. पण मनातली पाल चुकचुकायची ती चुकचुकतच राहिली.

त्या पहिल्या हिवाळ्यात रूही सारखी हरायची. मुख्य स्पर्धेत जागा मिळवायला आधी ज्या फेऱ्या खेळाव्या लागतात, त्यातच तिचा निकाल लागायचा. हरून आली की न्हाणीघरात नळ सोडून बसायची. फखरुन्निसाने दाराला कान लावला, तर आतून बारीक आवाज. झालं, फोनवर कुणाशी तरी गुलुगुलु चाललंय, असं तिने ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कान लावला तेव्हा कळलं, पोरगी रडतेय. मग फखरुन्निसाने गरम पाणी केलं, तिच्या डोळ्यांदेखत पेला विसळला, तिच्या डोळ्यांदेखत ओतलं आणि आधी स्वतः एक घोट घेऊन दाखवला. रूही ते पाणी प्यायली. त्या रात्री कमालला तिने यातलं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात रूही परत आली ती जिंकायलाच. कुवेतमध्ये एक स्पर्धा मारली, मग तुर्कस्तानात दोन, मग कुठे कुठे. जगात हजाराच्याही पुढे कुठेतरी असलेला तिचा नंबर पाचशेवर आला, तीनशेवर आला. निदाने आईला फोनवर गुण कसे बघायचे ते शिकवलं, आणि भाकरी थापता थापता फखरुन्निसा ओल्या बोटाने फोनचा पडदा सरकवू लागली. रबियाला अभिमानाने सांगायची, आमची रूही आज पुन्हा जिंकली. आणि फोन ठेवला की कमालला म्हणायची, एवढी पटापट चढतेय, कुठेतरी पाणी मुरतंय. कमालने विचारलं, अगं, तुला ती जिंकायला हवी आहे की हरायला? फखरुन्निसाने भाकरी उलटली.

तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत रूही पहिल्या दोनशेत पोचली. आता हॉटेल परवडलं असतं, तरी दोहाची स्पर्धा संपवून दुबईला जायच्या आधी ती आठ-दहा दिवस सरावाला आली आणि सरळ निदाच्या खोलीत पिशवी टाकली. फखरुन्निसाला आतून बरं वाटलं.

आणि एका सकाळी घंटा वाजली. कमाल पहाटेच बंदरावर कामाला गेलेला, रूही झोपलेली. फखरुन्निसाने भिंगातून पाहिलं. एक बाई, गळ्यात कार्ड. मागे एक माणूस, हातात कडक पेटी. तिने साखळी न काढता दार बोटभर उघडलं. बाईने गोड आवाजात विचारलं, मंग रुईशी इथे राहते का? मंग या आडनावासकट. गोड आवाज ऐकला आणि फखरुन्निसाच्या डोळ्यांपुढे नौमान उभा राहिला. ती म्हणाली, चिनी कुणी नाही, मुलगी कुणी नाही, मी आणि माझा नवरा, बस्स. बाईने एक कागद पुढे केला. फखरुन्निसाने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही खाली थांबतो, असं बाई म्हणाली, आणि दार लागलं.

तिने कमालला फोन लावला. त्याचीही पाचावर धारण बसली. त्याने बजावलं, पोरीचं सामान आधी डोळ्यांआड कर. मग काय, फखरुन्निसाने दाराजवळचे बूट उचलून पिठाच्या डब्यामागे टाकले, गॅलरीतले वाळत घातलेले मोजे ओढून काढले, रॅकेटची पिशवी पलंगाखाली ढकलली. त्या दणक्याने रूही जागी झाली. फखरुन्निसाने ओठांवर बोट ठेवून तिला न्हाणीघराकडे ढकलायला सुरुवात केली. पोलीस, असं ती कुजबुजली. दोघं आहेत. मी सांगितलं, इथे कुणी नाही.

रूहीने मोडक्या इंग्रजीत विचारलं, बाई होती का, गळ्यात कार्ड होतं का, माझं पूर्ण नाव घेतलं का? फखरुन्निसाने तीन वेळा मान डोलावली, आणि प्रत्येक वेळी पोरीच्या तोंडावरचा रंग आणखी उडाला. ती उठून दाराकडे धावली. फखरुन्निसा तिच्याआधी पोचली आणि बोल्टवर हात ठेवून आडवी उभी राहिली. दार उघडलं असतं तर घर गेलं असतं, कदाचित कमालचा इकामाही. वीस वर्षांचा संसार त्या एका बोल्टवर होता.

मग रूहीने भराभर सांगितलं. पोलीस नव्हेत ते. खेळाडूंनी औषधं घेतली आहेत का ते तपासणारे. तपासणीच्या यादीत नाव असलेल्या प्रत्येकीला रोज एक तास आणि एक पत्ता कळवावा लागतो, त्या तासात त्या पत्त्यावर हजर राहावं लागतं. फोनमध्ये रोज भरते ते हेच. वर्षात तीनदा सापडलं नाही तर शिक्षा. तिचं दोनदा चुकलं होतं, एकदा विमान रखडलं म्हणून, एकदा हॉटेलातल्या खोलीची घंटा बंद होती म्हणून. आणि आजचा तास सरत आला होता.

"आंटी, आज तिसरी वेळ. दोन वर्षं खेळ बंद. आणि सगळे म्हणतील, लपली म्हणजे घेतलंच असेल."

फखरुन्निसाच्या तोंडात इंग्रजी येईना, मराठीच आली. कर नाही त्याला डर कशाला, असं ती म्हणाली. आणि म्हणतानाच तिचं लक्ष बोल्टवरच्या स्वतःच्या हाताकडे गेलं. तरीही तिने विचारलंच, कारण विचारल्याशिवाय तिला राहवलं नसतं. तू काही घेतलंस का?

"तुम्ही केलेला आल्याचा काढासुद्धा मी घेतला नाही," रूही म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुम्ही रागावलात. मला कळलं होतं. तरी नाही घेतला."

मटण, मोरीत ओतलेलं पाणी, नको म्हटलेलं कालवण, खाण्यापिण्यातून नकळत औषध पोटात जाऊ नये म्हणून होतं ते सगळं, हे फखरुन्निसाला एका क्षणात कळलं, आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. ही पोरगी तीन वर्षं माझ्या घरात जीव मुठीत धरून जेवतेय आणि मी तिच्यावर पाळत ठेवतेय. तिने बोल्ट काढला, साखळी काढली. रूही अनवाणीच जिन्याने खाली पळाली, मागोमाग चपला फटफटवत फखरुन्निसा.

खाली रखवालदार यूसुफच्या टेबलाशी ती दोघं बसली होती. पण मारिया, कार्डवाली बाई, रूहीला बघून खूश झाली नाही. तिने शांतपणे विचारलं, तू दिलेल्या पत्त्यावरची बाई म्हणते इथे कुणी मुलगी नाही, मग तू आत्ता आलीस कुठून? रात्री झोपलीस कुठे? पत्ता खोटा दिला असशील तर तो वेगळा गुन्हा. रूही वरच्या मजल्याकडे हात करत राहिली आणि मारिया लिहीत राहिली. यूसुफ चहाचा पेला हातात धरून ऐकत होता. तो ऐकेल ते मालकाच्या कानावर जाणार, हे फखरुन्निसाला पक्कं ठाऊक होतं. तरी ती पुढे झाली.

"ही माझ्या घरात राहते. मी भाडं घेते. मघाशी मी खोटं बोलले."

यूसुफने चहाचा घोट घेतला आणि हिंदीत म्हणाला, मॅडम, ते तर तिसरं वर्ष चाललंय, सगळ्या इमारतीला माहीत आहे, वरच्या मजल्यावर असल्या मैत्रिणी चार आहेत. मालकालाही माहीत आहे, त्याला भाडं वेळेवर आलं की पुरे. फखरुन्निसाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ज्या गुपितापायी ती पोरीला बुडवायला निघाली होती, ते गुपित तिच्या एकटीच्याच डोक्यात होतं.

तास सरायच्या आत रूही सापडली, तसं मारियाने लिहून घेतलं. मग वर येऊन नमुना घेणं झालं. मारिया पोरीला क्षणभर नजरेआड होऊ देईना. न्हाणीघरात तिच्याबरोबर गेली, दार उघडंच ठेवलं, बाटली भरेपर्यंत समोर उभी. फखरुन्निसा स्वयंपाकघरातून बघत होती. जन्मभर तिने फुकटात संशय घेतला, इथे त्याचा पगार घेणारी बाई उभी होती, आणि तिला त्या बाईचा भयंकर राग आला. न राहवून ती म्हणाली, पोरगी चांगल्या घरातली आहे हो. मारिया बाटलीचं सील तपासत म्हणाली, असं सगळ्यांच्याच घरचे म्हणतात.

मारिया गेल्यावर रूहीने दिवस नेहमीसारखा काढला. सरावाला गेली, आली, आपली अंडी उकडून खाल्ली. फखरुन्निसाने मुद्दाम कालवण केलं नाही, घरात वास नको म्हणून. संध्याकाळी बघते तर पोरगी सामान भरतेय. रागावलीस का, असं विचारलं. रूहीने नाही म्हणून मान हलवली आणि हातातला फोन दाखवला. उद्याचा पत्ता भरायचा होता, तिथे तिने हॉटेलचं नाव टाकलं होतं.

फखरुन्निसा कळवळली. तिने सांगितलं, आता मला सगळं माहीत झालंय, आता कुणीही येऊ दे, पहिल्या घंटेला दार उघडीन, निदाची शपथ. तू दुबई जिंकून ये, पुढच्या हिवाळ्यातही खोली तुझीच. रूहीने ऐकून घेतलं.

"आंटी, तुम्ही चांगल्या आहात. तुमचं दार चांगलं नाही."

फखरुन्निसा उत्तर द्यायला गेली. एरवी तिला शब्दाला शब्द सापडायचा, समोरच्याच्या बोलण्यातली खोट नेमकी दिसायची. तिने या वाक्यात खोट शोधली. सापडली नाही. रडू येत होतं, तरी तिने पदराआड तोंड लपवलं नाही. पलंगाजवळची रॅकेटची पिशवी उचलली आणि तिचा एक बंद धरून लिफ्टपर्यंत नेली. पोरीच्या जागी ती स्वतः असती, तर सकाळीच गेली असती.