दूध बंद केलं तेव्हा

“हा मिलिंदचा आजार नाही,” डॉक्टर म्हणाले. “तो पथ्याने ताब्यात आहे. हे वेगळंच आहे. व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह हिच्या अंगात जवळजवळ उरलेलंच नाही.”

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात, सुजाताला मांडीवर घेऊन मी हे ऐकलं. ती पाच वर्षांची होती. घाटंजीहून निघताना आमची मुलगी आता हातची गेली, असंच धरून आम्ही एसटीत बसलो होतो.

मिलिंद माझा थोरला. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी तो झाला. गोरा, पिंगट केसांचा, दिसायला देखणा. पण तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, हाकेला वळेना. त्याच्या लघवीला एक कुबट वास यायचा. नागपूरच्या याच डॉक्टरांनी त्याच्या लघवीत औषधाचे थेंब टाकले आणि ती हिरवी झाली. सुजाता तेव्हा तान्ही होती. तिचीही तपासली, तीही हिरवी झाली.

आजाराचं नाव फिनाइलकीटोन्युरिया. हा जन्मतःच असतो, आईबापांकडून येतो. डाळ, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांचा एक अंश अशा मुलांना पचत नाही. तो रक्तात साचतो आणि मेंदूला इजा करतो. डॉक्टर म्हणाले, मिलिंदला उशीर झाला, त्याला आता पथ्याचा फारसा उपयोग नाही. सुजाताला मात्र वाचवता येईल. विलायतेत अशा मुलांसाठी डब्यातलं खास दूध मिळतं, पण ते इथे मिळणं कठीण. तेव्हा साबुदाणा, आरारूट, थोडा भात, भाज्या, फळं, तेल, गूळ एवढ्यावर तिला वाढवायचं. दूध अगदी मोजकं, दिवसाला एक लहान वाटी.

मी तसंच केलं. घरात वरण शिजलं की तिला दुसऱ्या खोलीत जेवायला बसवायची. ती वेळेवर चालली, वेळेवर बोलली. तिच्या तोंडून ‘माय’ ऐकलं त्या दिवशी मिलिंदचे बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामावर गेलेच नाहीत. दिवसभर तिच्याशी बोलत बसले.

चौथं वर्ष लागल्यावर ती मंदावली. चेहरा पांढुरका पडला. जीभ लाल आणि गुळगुळीत झाली, तिखटाचा कण लागला तरी रडायची. बोलता बोलता मधेच थांबायची. आम्हाला वाटलं, तोच आजार वर आला. कुणीतरी चोरून काही खाऊ घातलं असेल म्हणून तिला शेजारी पाठवणंही बंद केलं.

“ते वाटीभर दूधबी बंद करू,” तिचे बाबा म्हणाले. “हिचं मिलिंदसारखं झालं नाई पाह्यजे.”

मलाही ते पटलं. दूध बंद झालं. तिची तब्येत आणखी खालावली, तसा आम्ही भातही कमी केला. गावातल्या डॉक्टरांनी या आजाराचं नावही ऐकलेलं नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय ते पाळा, एवढंच ते म्हणायचे. आम्ही जितकं जास्त पाळत होतो, तितकी ती खचत होती. इकडे सगळं खाणारा मिलिंद अंगणभर पळायचा, आणि पथ्यातली सुजाता भिंत धरून चालायची.

एकदा न्हाऊ घालताना तिने डोळे मिटले आणि ती धाडकन पडली. मी उचललं तर म्हणाली, “माय, मले माहे पाय समजून नाई राह्यले.”

दुसऱ्याच दिवशी आम्ही नागपूर गाठलं.

आधी लघवी तपासली. हिरवा रंग नावापुरता आला. मग बोटातून रक्त घेऊन काचेवर पसरलं. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिलो. दुपारी डॉक्टरांनी दोन शिंगांचं एक लोखंडी अवजार वाजवून तिच्या मनगटावर टेकवलं. त्याच्या थरथरीने ती हसली. घोट्यावर टेकवलं, तेव्हा ती नुसती बघत राहिली.

मेगॅलोब्लास्टिक ॲनिमिया, ते म्हणाले. म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कमी होतात आणि आहेत त्या गरजेपेक्षा मोठ्या होतात. बी-ट्वेल्व्ह कमी पडलं की असं होतं, नसांनाही इजा होते. ते मिळतं दूध, अंडी, मटण, मासळी यांतूनच. नेमकं तेच सगळं आम्ही बंद केलं होतं.

मी रडायला लागले. डॉक्टर म्हणाले, “बाई, काय बंद करायचं ते मी तुम्हाला सांगितलं. त्याच्या बदल्यात काय द्यायचं, ते सांगायला हवं होतं. ते माझ्याकडून राहिलं.”

एवढ्या मोठ्या माणसाने असं म्हणावं, याचं मला तेव्हा अप्रूप वाटलं नाही. रागच आला. आता मात्र मी त्यांचे उपकार मानते. तुम्हीच चुकलात, असं म्हणून त्यांना आम्हाला घरी पाठवता आलं असतं.

बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन लालभडक असतं. पहिल्या आठवड्यातच तिला भूक लागली, तोंड बरं झालं. काही महिन्यांत अडखळणारं बोलणं पुन्हा सुरळीत झालं. वाटीभर दूध परत सुरू झालं. व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि ठरल्या वेळी इंजेक्शन आता जन्मभराचं आहे. पथ्यही आहेच.

पायांचं मात्र पुरतं सुधारलं नाही. आणखी थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या दोन वर्षांचा विचार मनातून जात नाही. आम्ही दुर्लक्ष केलं असतं तर निदान समजण्यासारखं होतं. आम्ही तर डोळ्यांत तेल घालून तिला उपाशी ठेवत होतो.

ज्यांच्या घरी असं पथ्याचं मूल असेल, त्या आयांना एवढंच सांगते. ताटातून एक जिन्नस काढायला सांगितला, की त्यातलं बाकीचं चांगलं मुलाला कशातून मिळणार, ते तिथेच विचारा. डॉक्टर घाईत असले तरी विचारा. आणि मूल खालावलं, तर जुनाच आजार समजून घरी बसू नका.

सुजाता आता तिसरीत आहे. कविता पाठ म्हणते, मिलिंदला हाताने भरवते. शाळेतून कापसाच्या पराटीच्या शेतावरून येते. पायात काटा रुतला तरी तिला कळत नाही. म्हणून रोज दिवेलागणीला ती माझ्यासमोर पाय पसरून बसते, आणि मी तिचे तळवे चाचपून बघते.