एलाडिओचा कोट

फुएनसांता आर्नाल हे नाव आता माद्रिदचे चित्रकार गुरूचं म्हणून घेतात. पण ला मांचातल्या आमच्या गावात ती पहिल्यांदा आली, तेव्हा माझ्या शेजारच्या ओबदुलियामावशीने तिला खुळ्यात काढलं होतं. राजे नि संत सोडून कुणी स्वयंपाकघराच्या भिंतीचं चित्र काढतं का?

त्या भिंतीवर खुंटीला मावशीच्या नवऱ्याचा, एलाडिओचा, कोट होता. बासष्ट साली तो जर्मनीला कारखान्यात कामाला गेला. दोन वर्षं पत्रं आली, मग थांबली. कोटाच्या बाह्या मात्र अजून त्याच्या कोपरांसारख्या वाकलेल्या होत्या.

फुएनसांता ओळीने नऊ वर्षं सप्टेंबरात यायची. सकाळचं ऊन त्या भिंतीवर जेमतेम पाऊण तास राही, तेवढाच वेळ रंगवायची. मग दोघी लसणाचं सूप घेऊन बसत. कोट झटकायचा नाही, अशी तिची ताकीद होती. नवऱ्याबद्दल तिने कधी अवाक्षर विचारलं नाही, म्हणूनच मावशी तिला सगळं सांगत गेली.

चित्र पुरं होऊन माद्रिदला गेलं. पुढच्या कडाक्याच्या थंडीत मावशीने तो कोट एका कुडकुडणाऱ्या मेंढपाळाला देऊन टाकला. वाट बघणं एकदाचं संपवायचं होतं, असं मला म्हणाली. ते काही संपलं नाही. एलाडिओचा चेहरा फोटोत होता, पण त्याची ढब आठवेनाशी झाली, आणि कोट दिल्याबद्दल ती स्वतःला बोल लावत राहिली.

फुएनसांता वारल्यावर तिच्या आणि तिच्या शिष्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मावशीला मी बसने घेऊन गेले. आधी शिष्यांची चित्रं लागली: न्हाणीघरातलं बेसिन, विस्कटलेली खाट, खुर्चीवर टाकलेला स्वेटर.

"सगळ्यांचंच कुणी ना कुणी गेलंय वाटतं," मावशी पुटपुटली.

शेवटच्या दालनात कोट होता. मावशी कितीतरी वेळ बघत राहिली.

"डावा खांदा बघ," ती म्हणाली. "पोती वाहून उतरला होता त्याचा. विसरलेच होते गं मी."

तिने हात पुढे केला तसा पहारेकरी धावत आला. माझ्या नवऱ्याचा आहे, असं तिने त्याला सांगितलं. तो तिच्यासाठी खुर्ची घेऊन आला.

फुएनसांताची शिष्या एल्विरा तिथेच होती. मावशी कोण हे कळल्यावर तिने, त्या भिंतीचं चित्र काढायला येऊ का, असं भीत भीत विचारलं.

"भिंत पुरे झाली," मावशी म्हणाली. "माझं काढ. मी आहे अजून."

एल्विरा ओळीने चार वर्षं सप्टेंबरात आली. चित्रात मावशी खिडकीशी शेंगा सोलते आहे. खिडकीकडे बघा, असं एल्विराने कितीदा विनवलं, पण मावशीची नजर दाराकडेच जाई. शेवटी एल्विराने ती तशीच रंगवली.