सासूबाईंनी क्रोएशियनमध्ये घेतलेलं नाव

महिन्यापूर्वी सासूबाई गेल्या आणि अख्ख्या लालबागमध्ये माझ्याशी क्रोएशियन बोलणारं कुणी उरलं नाही.

हसू नका. खरं सांगतेय.

नितीन, माझा नवरा, झाग्रेबला हॉटेलच्या किचनमध्ये आहे. मला तिथे वृद्धाश्रमात जॉब मिळाला तरच आम्ही एकत्र राहणार. त्यासाठी क्रोएशियनमध्ये थोडं बोलावं लागतं.

पहिल्या ऑनलाइन इंटरव्ह्यूला माझी बोबडीच वळली. स्वतःचं नावसुद्धा धड सांगता येईना. त्यांनी दुसरी तारीख दिली, तीच शेवटची.

रात्रभर रडले. सकाळी आई, म्हणजे सासूबाई, चहा घेऊन समोर बसल्या.

"अगो, माका शिकव. मी विचारतंय, तू सांग. माझ्यासमोर कसली इलीय लाज?"

झालं! मासे साफ करता करता आमचा क्लास सुरू.

विशेषणं त्यांना पटकन जमली. मराठीसारखीच तर आहेत. चांगला, चांगली, चांगलं. तिथे डोबार, डोब्रा, डोब्रो. नाम बदललं की विशेषणाने पण बदलायचं.

फक्त घोळ असा, की आपल्या कानाला आकारान्त म्हणजे पुरुष. तिथे आकारान्त म्हणजे बाई. मी हमखास 'डोब्रा मुझ' म्हणायचे. म्हणजे 'चांगली नवरा'!

आई पोट धरून हसायच्या.

मासा म्हणजे 'रिबा', तेही स्त्रीलिंगी. मोठा मासा, 'वेलिका रिबा'.

"बांगडो पण बाई?"

"तिथे बांगडा पण बाईच, आई."

"बरा आसा मगे."

एकदा फॅमिलीचे प्रश्न आले. मी घाबरले, तर म्हणाल्या, "थांब, आधी मी सांगतंय. विचार माका."

"काको से झोवे वाश मुझ?" तुमच्या नवऱ्याचं नाव काय?

"मोय मुझ से झोवे..."

आणि नजर सासऱ्यांकडे.

पप्पा तिथेच पेपर वाचत बसलेले. आईंनी लग्नापासून त्यांचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. बँकेतसुद्धा कागद पुढे करून "ह्यांचं" म्हणायच्या.

"अगो, तसाच कसा घेव नाव? उखाणो घेव काय?"

"आई, इंटरव्ह्यूत कसला उखाणा!"

पदर सारखा केला. खाली बघत म्हणाल्या,

"मोय मुझ से झोवे वसंत."

पेपर खाली आला.

मग हळूच, "डोबार मुझ."

विशेषण अगदी बरोबर! पण ते बघायला मी शुद्धीवर कुठे होते? पप्पा नव्या नवऱ्यासारखे लाजले होते हो!

त्यानंतर मी कुठेच अडले नाही. आईंनी एवढं मोठं केलं, मग मला काय धाड भरली होती?

आणि एका दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

मी ठरवून टाकलं, दुसरा इंटरव्ह्यू कॅन्सल. पप्पांना एकटं टाकून जायचं? आणि बोलायचं कुणाशी? पुस्तक मी कपाटात कोंबून टाकलं.

तेराव्यानंतर एका संध्याकाळी पप्पा येऊन आईंच्या जागेवर बसले.

"हं, विचार मला."

"काय विचारू, पप्पा?"

"तेच. बायकोचं."

मला कळेचना. पप्पांनी आईंना आयुष्यभर "अगो" नाहीतर "ऐकलंस काय" म्हणून हाक मारलेली.

"काको से झोवे वाशा झेना?"

"मोया झेना से झोवे सुलभा."

चष्मा काढला.

"डोब्रा झेना."

पेपरामागून सगळं ऐकत होता हा माणूस!

आम्ही दोघं खूप रडलो. मग म्हणाले, "माझं बघायला तुझी नणंद आहे परळला. तू नितीनकडे जा. तुझ्या सासूला तेवढंच हवं होतं. चल, पुढचा प्रश्न."

काल इंटरव्ह्यू झाला.

सिलेक्ट झाले!

पप्पांनी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. प्रत्येक दारात सांगत होते, "आमच्या सुलभाने शिकवलं हिला."

सुलभा वसंत परब, तुमच्या सुनेचा तुम्हाला मनापासून नमस्कार.

येते, आई.