कोशाची झाली चुकांची यादी

माझा बोलीकोश सांगलीच्या एका प्रकाशकांनी काढला. ते हयात होते तोवर हस्तलिखित मांडीवर घेऊन वाचायचे आणि एखाद्या वेलांटीसाठीही फोन करायचे. ते गेल्यावर थोरला मुलगा गादीवर बसला. त्याला पुस्तक हा शब्द आवडत नसे. सगळ्याला तो ‘कन्टेन्ट’ म्हणे. लोणच्यांचं पुस्तक कन्टेन्ट, व्रतकथा कन्टेन्ट आणि कोशात घातलेली माझी अकरा वर्षंही कन्टेन्टच.

माझं माहेर वाईचं, नोकरी साताऱ्याच्या शाळेत, सासर कोरेगावजवळच्या एका खेड्यात. कोशातले निम्मे शब्द माझ्या थोरल्या जाऊबाईंचे. त्या भाकरी थापता थापता बोलायच्या आणि मी पाटावर बसून वहीत उतरवून घ्यायची. वाईच, येरवाळी, सांच्याला, कोरड्यास. प्रत्येक शब्दाखाली त्यांचं अख्खं वाक्य आणि ते कशावरून निघालं, तेही लिहिलेलं. वाक्याशिवाय शब्द म्हणजे सालपट, असं मला तेव्हाही वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी थोरल्यानं मला सांगलीला बोलावून घेतलं.

“बाई, आपण आपला कन्टेन्ट डेव्हलपर्सना एपीआयनं देतोय.”

“म्हणजे काय?”

“सोपं आहे. समजा, तुमचा कोश म्हणजे पाण्याची टाकी. आपण टाकीला नळ बसवायचा. ज्याला ॲप बनवायचंय, त्यानं नळ सोडायचा आणि हवं तेवढं घ्यायचं.”

बत्तीस वर्षं पोरांना शिकवलेल्या बाईला हा माणूस टाकी आणि नळ समजावून सांगत होता, तेही हातवारे करून. पुढे म्हणाला, “तुमचे शब्द जगभर जातील, बाई.” एवढ्या स्वस्त वाक्यावर मी सही केली. त्याच्या अकलेबद्दल बोलताना मला हे लपवता येत नाही.

मग एका हॉलमध्ये समारंभ झाला. मला शाल मिळाली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माझ्या कोशाचे तीन रकाने झळकले : शब्द, अर्थ, प्रमाण रूप. जाऊबाईंची वाक्यं कुठंच दिसेनात. मी व्यासपीठावरच हळू आवाजात विचारलं, तर तो हसऱ्या चेहऱ्यानं, लोकांकडं बघतच म्हणाला, “उदाहरणं फेज टूमध्ये घेऊ.” समोर बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढं सात-आठ महिन्यांनी मी गावी गेले होते. जाऊबाईंची सून बचत गटाची अध्यक्ष आहे. ती गटातल्या बायकांना मोबाईलवर निरोप लिहीत होती : ‘सांच्याला समद्यांनी देवळात या, येताना वाईच हळद आणा.’ फोनमध्ये तिनं नवं ॲप घेतलं होतं, मराठी शुद्ध लिहिण्यासाठी. पंचायतीला अर्ज करावे लागतात, कुणी हसू नये, म्हणून.

“काकी, ह्ये बगा की,” ती म्हणाली. “लाल रेघाच रेघा मारतंय.”

मी बघितलं. ‘वाईच’खाली लाल रेघ होती. बोट लावल्यावर चौकट उघडली : अशुद्ध शब्द. योग्य शब्द : थोडी. आणि खाली बारीक अक्षरात आधार म्हणून माझ्या कोशाचं नाव.

मी पुन्हा वाचलं. मग ‘सांच्याला’वर बोट लावलं. तेच. चष्मा पुसून मी स्वतः ‘कोरड्यास’ टाइप केलं. अशुद्ध. योग्य शब्द : भाजी. कोरड्या भाकरीबरोबर जे जे खायचं ते सगळं कोरड्यास. आमटी असो, ठेचा असो, नुसतं पिठलं असो. या शहाण्यांनी त्याची भाजी करून टाकली होती.

जाऊबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, “म्हंजी मी आजवर चुकीचंच बोलत आले म्हनायचं?”

“न्हाई वं जाऊबाई, त्या यंत्राला कळत नाही.”

“पर नाव तर तुजं हाय न्हवं खाली?”



दुसऱ्याच दिवशी मी एसटीनं सांगली गाठली. थोरला खूश होता. “या बाई! सगळ्यात जास्त मागणी तुमच्याच कोशाला आहे.” मी तक्रार सांगितली. ती त्यानं वाहनाचा हॉर्न ऐकावा तशी ऐकली आणि पुण्याच्या ॲपवाल्याला फोन लावून स्पीकर सुरू केला. तो माणूस नम्र होता, त्यामुळं आणखीच संताप आला.

“मॅडम, प्रमाण मराठी सोडून लोक काय काय लिहितात, याची इतकी नीट यादी आम्हाला दुसरीकडं मिळालीच नाही.”

“ती चुकांची यादी नाही. तो कोश आहे.”

“पण मॅडम, प्रत्येक शब्दासमोर प्रमाण रूप तुम्हीच दिलंय ना?”

दिलं होतं. शहरातल्या वाचकाला कळावं म्हणून दिलं होतं. पण त्याला काय सांगणार? वर्गात किती पोरांच्या वह्यांत मी ‘हाय’ खोडून ‘आहे’ लिहिलं, ते त्याच खुर्चीत बसून आठवलं. ती पोरं जाऊबाईंसारख्याच आयांची. त्या माणसाबद्दल जी घृणा वाटत होती, तिचा वाटा माझ्याही पदरात पडला. फरक एवढाच की मी निदान एकेका पोराला ओळखत होते. हा काही फार मोठा फरक नाही, हेही तेव्हाच कळलं.

मी कोश मागं घ्यायला सांगितलं. थोरल्यानं करार पुढं केला, मुदत संपेपर्यंत ते जमणार नव्हतं. शेवटी त्यांनी उपकार केल्यासारखी एक सुधारणा केली. लाल रेघेची निळी झाली आणि ‘अशुद्ध’च्या जागी ‘बोलीतील शब्द. बदलायचा?’ असं यायला लागलं. या दुरुस्तीची थोरल्यानं जाहिरातही केली, माझा शालीतला फोटो लावून.

सुनेनं ते ॲप काढलं नाही. “बरं पडतंय की काकी अर्जाला,” म्हणाली. तिला दोष द्यायला मला तोंड नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर थोरल्याचा फोन आला. फेज टू आली होती. त्याला आता वाक्यं हवी होती, शिवाय जाऊबाईंचा आवाजही. मी जाऊबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “त्येला म्हनावं, हिकडं ये. आमच्यासंगं रानात खुरपं घिऊन दिसभर भांगल. मग बोलीन की लय.” मी तसंच्या तसं कळवलं. तो हसला. “ठीक आहे बाई, दुसरं कुणीतरी बघतो.”

आणि त्याला मिळालंही. एका निवृत्त साहेबांनी महिन्याभरात नवी यादी करून दिली. कार्यक्रम, पडदा, शाल, सगळं पुन्हा झालं. यादी माझ्याकडं भेट म्हणून आली, ती मी चहा पिता पिता चाळली. ‘लय’ या शब्दापुढं अर्थ दिला होता : ताल, ठेका. एकदा वाटलं, फोन करून सांगावं. सांगितलं नाही.