चार जणांचं घर

अमेरिकेत, नेपरव्हिलच्या लायब्ररीत दर शनिवारी सकाळी एक मराठी काकू बसायच्या, मार्केटप्लेस या सरकारी वेबसाइटवरून आरोग्यविमा घेणाऱ्यांना मदत करायला. त्यांचं नाव मी विचारलंच नाही. माऊसला त्या कधी हात लावत नसत. "फॉर्म तुमचा, क्लिकही तुम्हीच करा," म्हणत खुर्ची जरा मागे घेत.

माझा लेऑफ झाला होता आणि कंपनीचा विमाही गेला होता. बायकोचं इन्सुलिन मात्र थांबवून चालणार नव्हतं. 'घरात किती जण?' या प्रश्नाला मी बेधडक चार लिहिलं. मी, बायको, नागपूरची आई आणि तिच्याजवळ राहणारी बहीण. दोघींचा खर्च मीच बघतो, मग त्या घरातल्याच ना!

काकू हसल्या नाहीत. "इथे तुमच्या टॅक्स रिटर्नवर असतील तेवढेच धरायचे. जास्त लिहिलेत तर हप्त्यासाठीची सरकारी मदत जास्त दिसेल आणि पुढे परत करावी लागेल."

मी चारचे दोन केले. आईला खोडताना बोट क्षणभर अडलं. शेवटी बायकोच्या पार्टटाइम पगारात बसेल असा, इन्सुलिनचा खर्च देणारा प्लॅन मिळाला.

काकू चष्मा पुसत होत्या. "नोकरी गेल्याचं आईंना सांगितलंय?"

"नाही. उगाच काळजी करत बसेल."

"मघाशी न विचारता त्यांना घरात धरलंत," त्या हळूच म्हणाल्या, "आणि हे सांगायच्या वेळी मात्र बाहेर ठेवलंत?"

गाडी सुरू करायच्या आधी मी नागपूरला फोन लावला.